एडमंडची चूक, मग शिक्षा सिंहाला का?

गंगेवरची

नमस्कार. आम्ही पंचवटीत राहतो. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. पुण्याच्या मावशीने सुट्टीत तिला नार्नियाचं (त्या नावाच्या जादूच्या जगाच्या सात इंग्रजी गोष्टींतलं) पहिलं पुस्तक दिलं. इंग्रजी तिला एकटीला जड जातं, म्हणून रात्रीची जेवणं आटपली, ओटा आवरला की मी एक प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचते. सासूबाईही ऐकायला बसतात. त्यांचं वय ७३. पलंगावर मांडी घालून वाती वळत ऐकतात, मधेच "पुढे?" म्हणतात.

सुरुवात तिघींनाही फार आवडली. लढाईच्या दिवसांत लंडनहून दूर एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या घरी पाठवलेली चार भावंडं, तिथलं कोटांनी भरलेलं लाकडी कपाट, कोट बाजूला सारत आत जावं तर पायाखाली बर्फ. मुलगी लगेच म्हणाली, "आई, सीतागुंफेसारखं!" गुंफेत ती चार-पाच वेळा जाऊन आली आहे. बसल्या बसल्या पुढे सरकायचं, मान वर केली की डोक्याला दगड, समोरच्या बाईच्या पदराशिवाय काही दिसत नाही, आणि मग एकदम आत मोकळी जागा. कपाटातून दुसरं जग लागतं हे तिला जराही खोटं वाटलं नाही, ते त्यामुळेच.

मग एडमंड आला. पांढऱ्या चेटकिणीने दिलेली मिठाई खाऊन तो भावंडांशी फितुरी करतो. (टर्किश डिलाइटला मी "गुलाबाच्या वासाची, पिठीसाखरेत घोळलेली मऊ वडी" म्हटलं. आता ती तसली वडी करून मागते आहे.) परवा रात्री दगडी मेजाचं प्रकरण आलं. जुन्या कायद्याप्रमाणे प्रत्येक फितुरावर चेटकिणीचा हक्क असतो. एडमंडला सोडवायला अस्लन हा सिंह त्याच्या जागी स्वतः जातो. त्याला बांधतात, त्याची आयाळ कापतात, तोंडाला मुसकं बांधतात, हसतात. तो हूं की चूं करत नाही. माझाच आवाज भरून आला. वर बघितलं तर सासूबाईंच्या बोटांत वात अर्धी वळून तशीच राहिलेली.

मुलीने पुस्तकावर हात ठेवला आणि विचारलं, "चूक एडमंडने केली ना? मग शिक्षा सिंहाला का?"

मला काही सुचेना. सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात असं नसतं बाळा. ज्याचं त्यानंच फेडायचं." आणि त्यांनी वाल्या कोळ्याची गोष्ट सांगितली. बायको-मुलं म्हणाली, तू आणलेलं खाऊ, पण तुझ्या पापात वाटेकरी होणार नाही. मुलगी ऐकून झोपली. पटलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटे दीर आले होते. सासूबाईंनी त्यांना ही गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, "वहिनी, तो सिंह म्हणजे येशू आहे. लेखकाने मुद्दाम लिहिलंय. पोरीच्या डोक्यात हे कशाला घालता?" ते रागाने बोलले नाहीत, काळजीनेच बोलले. पण तेव्हापासून पुस्तक फडताळावर आहे आणि मुलगी रोज रात्री त्याच्याकडे बघून झोपते.

मी लहानपणी चांदोबा वाचला, राक्षस, पऱ्या, वेताळ सगळं वाचलं. त्याचा धर्म कोणता, हे मला कुणी विचारलं नाही. इथे बरीच वाचणारी मंडळी आहेत म्हणून विचारते. पुस्तक पुढे वाचावं का? वाचलं तर सिंह कोण ते तिला सांगावं का? आणि तिच्या त्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं?

सिडकोतला बाप

ताई, मी असतो तर थांबवलं असतं. कुणाचा द्वेष म्हणून नाही. मुलांना आधी आपलं घर नीट कळू द्यावं, मग दुसऱ्याच्या घरी न्यावं, एवढंच माझं म्हणणं. माझा मुलगा सातवीत आहे. इंग्रजी माध्यम. त्याला नॉर्स देवांचा हातोडा माहीत आहे, ग्रीक देवांची भांडणं माहीत आहेत, पण निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे कोण, हे सांगता आलं नाही. आणि आम्ही त्र्यंबकेश्वरापासून तासाभरावर राहतो! दर पौषात वारीच्या दिंड्या आमच्या डोळ्यांसमोरून जातात. त्या दिवशी मला फार लागलं.

लेखकाने मनात हेतू ठेवून लिहिलं असेल तर मुलांना तो हेतू दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्टच खोल जाते. माझी भीती ही आहे.

निवृत्त बाई

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर गेली आठ वर्षं दर शनिवारी इंदिरानगरला घरीच मुलं गोळा करून वाचन घेते. नऊ ते तेरा वयाची, बारा-चौदा मुलं असतात. हेच पुस्तक मी तीनदा घेतलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, आधी तुमच्या दिरांचं म्हणणं. त्यांची माहिती बरोबर आहे, ती नाकारू नका. लेखक सी. एस. लुईस ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकवत. तरुणपणी देव न मानणारे होते, १९३१ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले, आणि त्यात त्यांचे मित्र टोल्किन यांच्याशी झालेल्या बोलण्याचा मोठा वाटा होता. नार्नियाचं पहिलं पुस्तक १९५० चं, सातवं आणि शेवटचं १९५६ चं. सिंहाचं मरण आणि पुन्हा उठणं त्यांनी पूर्ण जाणीवेने लिहिलं. पण याला ते रूपक म्हणत नसत. बोलणाऱ्या प्राण्यांचं असं जग खरंच असतं आणि देव तिथे आला असता, तर कुठल्या रूपात आला असता, असा विचार करून आपण लिहिलं, असं ते सांगत. हे आपल्या भाषेत सांगायचं तर एक शब्द पुरतो: अवतार. तुमच्या सासूबाईंना यात परकं काही वाटायचं कारण नाही. सिंहाचं तोंड घेऊन आलेला देव त्यांनी प्रल्हादाच्या गोष्टीत शंभर वेळा सांगितला असेल.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. दोन परंपरा जिथे खरोखर वेगळ्या वाटेने जातात, बरोबर तिथे या मुलीने बोट ठेवलंय. आणि सासूबाईंनी दिलेलं उत्तर वेळ मारून नेणारं नव्हतं, अगदी खरं उत्तर होतं. कर्म ज्याचं त्याचं. वाल्याच्या गोष्टीचा सगळा जोर त्यावरच आहे. कुणी वाटेकरी नाही म्हटल्यावर तो बसतो, अंगावर वारूळ चढेपर्यंत. एडमंडसाठी मात्र दुसरा कुणी उभा राहतो. हा फरक मुलीपुढे फरक म्हणूनच ठेवा. "सगळं एकच असतं गं" म्हणून त्यावर पाणी ओतू नका. मुलांना ते लगेच कळतं, आणि मग ती विचारायचं सोडून देतात.

पण सासूबाईंना माझी एक विनंती सांगा. वाल्याच्या जोडीला मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचीही गोष्ट सांगा म्हणावं. दुष्काळात दामाजींनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली. बादशहाने पकडून आणायचा हुकूम सोडला. ते पोचायच्या आत विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. म्हणजे दुसऱ्याचं देणं देवाने फेडल्याची गोष्ट आपल्याही घरात आहेच. आमच्या शनिवारात यावर तासभर भांडण झालं होतं. एक मुलगा म्हणाला, दामाजींनी चोरी केली पण लोकांसाठी केली, एडमंडने स्वतःच्या जिभेसाठी केली, त्याला कशाला वाचवायचं? सातवीतली एक मुलगी म्हणाली, "चांगल्याला कुणीही वाचवेल. वाईटाला वाचवलं म्हणूनच सिंह मोठा." मी गप्प बसले. मी काहीही बोलले असते तरी या दोघांच्या मध्ये आले असते.

त्याच दिवशी एकाने विचारलं, "देव महाराचं रूप घेतो, मग काळारामात महारांना का जाऊ देत नव्हते?" त्याच्या घरी पणजोबांच्या सत्याग्रहाच्या आठवणी सांगतात. २ मार्च १९३०, बाबासाहेब आले होते, दादासाहेब गायकवाड पुढे होते, आणि पुढे काही वर्षं तो लढा चालला. मी काळाराम मंदिरात लहानपणापासून जाते. त्या दिवशी त्या मुलाला मी सांगितलं की देवाची गोष्ट सांगणारी माणसं देवाच्या गोष्टीप्रमाणे वागली नाहीत. ते सांगताना मला मान खाली घालावी लागली, आणि घालायलाच हवी होती. बघा, कुठल्या कुठे गेलो आम्ही. निघालो होतो ऑक्सफर्डच्या सिंहापासून.

एडमंडबद्दल आणखी थोडं. मोठ्यांना वाटतं, त्याची चूक म्हणजे मिठाईचा हव्यास. मी तिन्ही वेळा मुलांना विचारलं, त्याची सगळ्यांत मोठी चूक कोणती? मिठाई कुणीही म्हणालं नाही. आधी धाकटी बहीण ल्युसी एकटी नार्नियात जाऊन येते आणि कुणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. मग एडमंडही जाऊन येतो. त्याला आता माहीत आहे की ती खरं बोलते. तरी मोठ्या भावंडांसमोर तो म्हणतो, आम्ही नुसते खेळत होतो. ल्युसी रडत पळून जाते. मुलं म्हणतात, हे सगळ्यांत वाईट. खरं माहीत असून बोललेलं खोटं. ही पारख त्यांना मी शिकवली नाही, कुठल्या पाठातही नव्हती. त्या एका पानाने ती त्यांच्यातून बाहेर काढली.

आणि सुटून परत आल्यावर अस्लन त्याला बाजूला घेऊन दवात भिजलेल्या गवतावर फिरत बोलतो. काय बोलला ते लेखक सांगतच नाही. मग भावंडांपाशी आणून म्हणतो, हा तुमचा भाऊ, झालं गेलं त्याच्याशी बोलायची गरज नाही. ताई, हे पान मी पालकांच्या बैठकीतसुद्धा वाचून दाखवते. आपण मुलाला माफ करतो आणि पुढची सहा वर्षं सणावाराला पाहुण्यांसमोर त्याची तीच चूक उगाळतो.

सिडकोच्या बाबांनी मनातलं मोकळेपणाने लिहिलं, ते मला आवडलं. निवृत्तिनाथ माहीत नसणं मलाही लागतं. पण नार्निया बंद केल्याने निवृत्तिनाथ कळणार नाहीत, त्यासाठी त्र्यंबकला समाधीवर न्यावं लागेल आणि जाताना गाडीत गहिनीनाथांच्या गुहेची गोष्ट सांगावी लागेल. वाघाच्या भीतीने पळताना भावंडांपासून चुकलेला मुलगा गुहेत शिरतो आणि तिथे त्याला गुरू भेटतो. सांगून बघा, कपाटापेक्षा कमी रंगत नाही.

आपल्या गोष्टींनाही प्रश्न विचारू द्या, एवढं मात्र म्हणेन. तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतो तो प्रसंग मूर्तींत उभा केलाय. नासिका कापली म्हणून नाशिक, असं आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. आमच्यातली एक नऊ वर्षांची मुलगी सहलीत तिथे थांबून म्हणाली, "नाही म्हणायचं ना फक्त. नाक कशाला कापायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण तिने विचारलं याचा मला आनंद झाला. नार्नियाला एक माप आणि रामायणाला दुसरं, असं मुलं करत नाहीत. आपण करतो.

आता पुस्तकांतले दोष. पुढच्या भागांत, विशेषतः १९५४ च्या पाचव्या आणि शेवटच्या सातव्या पुस्तकात, शत्रूदेशाची माणसं सावळी, फेटे बांधणारी, वाकड्या तलवारी बाळगणारी आणि क्रूर देवाची पूजा करणारी दाखवली आहेत. आपली मुलं ते वाचतात तेव्हा ती चित्रं आपल्या आजोबांच्या फोटोसारखी दिसतात. मी तिथे पुस्तक मिटून यावर बोलते. आपल्या चित्रकथांत राक्षस कुठल्या रंगाचे रंगवतात, हेही त्याच वेळी विचारते. मुलं एकमेकांच्या हातांकडे बघतात. सातव्या पुस्तकात थोरल्या बहिणीला, सुझनला, नार्नियातून वगळलंय, का तर तिला लिपस्टिक आणि समारंभ आवडायला लागले. मला ते अजिबात मान्य नाही, आणि मी मुलींना तसं स्पष्ट सांगते.

या सिंहाहून निराळी वाट हवी असेल तर पुढे कधीतरी अर्सुला ली ग्विन यांचं अर्थसी द्या. पहिला भाग १९६८ चा. मुलगी बारा-तेराची झाल्यावर. त्यात एक हुशार मुलगा गर्वाच्या भरात आपली विद्या दाखवायला जातो आणि एक काळी सावली मोकळी सोडतो. जगभर तिच्यापासून पळतो. शेवटी उलटा फिरून तिच्या मागे जातो, समोरासमोर उभा राहतो आणि तिला स्वतःचंच नाव देतो. त्या शेवटच्या भेटीत कुणी वाचवायला येत नाही, कुणी मारलंही जात नाही. लेखिकेवर चिनी ताओ विचाराचा मोठा प्रभाव होता. मला मात्र वाचताना पसायदानच आठवत राहिलं. माउलींनी खळ मरो म्हटलं नाही, खळांची व्यंकटी सांडो म्हटलं. पसायदान मुलं शाळेत रोज म्हणतात. पण ती ओळ पहिल्यांदा कळली ती त्या सावलीच्या गोष्टीनंतर, असं एका मुलाने मला वहीत लिहून दिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा ताई, पुस्तक फडताळावरून काढा. सिंह कोण ते सांगाच, पण गोष्ट पुरी झाल्यावर. आधी सांगितलं तर ती गोष्ट ऐकणार नाही, उत्तरं जुळवत बसेल.

सिडकोतला बाप

बाई, गहिनीनाथांच्या गुहेची गोष्ट मला स्वतःलाच नीट सांगता येणार नाही. आधी मीच वाचतो. या रविवारी मुलाला घेऊन त्र्यंबकला जातो.

शरणपूरकर

मी ख्रिस्ती आहे, शरणपूर रोडच्या परिसरातच वाढलो. हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

ताई, तुमच्या दिरांच्या काळजीसारखीच काळजी आमच्याकडेही असते, फक्त पुस्तकं बदलतात. माझा मुलगा हॅरी पॉटर वाचायला लागला तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, जादूटोण्याचं पुस्तक आहे, घरात ठेवू नका. मी त्यांचा मान राखला, पण पुस्तक ठेवलं. सातवा भाग २००७ चा. त्यात हॅरी आईवडिलांच्या कबरीपाशी पोचतो आणि दगडावर एक ओळ कोरलेली असते, शेवटचा शत्रू जो मृत्यू, त्याच्या नाशाबद्दलची. ती पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातली आहे, पंधरावा अध्याय. माझा मुलगा धावत आला, "पप्पा, हे तर आपल्या बायबलमधलं!" पुढे हॅरी इतरांसाठी स्वतःहून मरायला जंगलात जातो. मी ते पान त्या वडीलधाऱ्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पुस्तक मागून घेतलं.

सिंहाबद्दल एक खरी घटना सांगतो. १९५५ साली अमेरिकेतल्या एका आईने लुईसना पत्र पाठवलं. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला काळजी लागली होती की आपण येशूपेक्षा अस्लनवर जास्त प्रेम करतो. लुईसनी तिला लगेच उत्तर पाठवलं. सारांश असा, की अस्लनच्या ज्या करण्या-बोलण्यावर तो प्रेम करतो, ते सगळं येशूनेच केलेलं आणि बोललेलं आहे, तेव्हा मुलाने घाबरू नये. एका लेखकाने एका लहान मुलाची भीती इतकी मनावर घेतली, हे मला फार मोठं वाटतं.

आणि बाईंनी शत्रूदेशाचं जे लिहिलं ते मला सलतं, माझाही रंग सावळाच आहे. पण त्याच सातव्या पुस्तकात एक पान आहे. एमेथ नावाचा त्या शत्रूदेशाचा तरुण शिपाई. हिब्रूत या शब्दाचा अर्थ सत्य. आयुष्यभर त्याने टॅश या दुसऱ्या देवाची मनापासून भक्ती केलेली असते. शेवटी समोर अस्लन उभा राहतो तेव्हा त्याला वाटतं, आता आपण संपलो. सिंह वाकून त्याच्या कपाळाला जीभ लावतो आणि सांगतो, तू टॅशची म्हणून जी सेवा केलीस ती मी माझीच सेवा मानतो. आमच्यातल्या काहींना हे पान पटत नाही. मला पटतं. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर तर आपल्या इथलंच, जलालपूरचं. माझी आजी टिळकांनी सुरू केलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेल्या ख्रिस्तायनाच्या, म्हणजे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राच्या, ओव्या म्हणत दळण निवडायची. शेजारच्या काकू ऐकायला बसत, त्यांना त्या हरिविजयाच्या चालीच्या वाटत.

तुमच्या मुलीचा प्रश्न मी आमच्या संडे स्कूलच्या मुलांना विचारला. लहानपणापासून त्यांनी ही गोष्ट इतकी ऐकली आहे की त्यांना तो प्रश्नच पडला नव्हता. सगळी गप्प झाली. म्हणून तिचे आभार मानायचे आहेत.

गंगेवरची

सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. काय झालं ते सांगते.

बाईंचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. दामाजीपंतांचं नाव आल्याबरोबर म्हणाल्या, "अगंबाई, हो की!" आणि त्याच संध्याकाळी नातीला सगळी गोष्ट सांगितली. रात्री फडताळावरचं पुस्तक त्यांनीच काढून माझ्या हातात दिलं.

पुढचं प्रकरण झालं. उंदीर येऊन सिंहाचे दोर कुरतडतात, पहाटे मेज दुभंगतं आणि सिंह जिवंत उभा राहतो. मुलगी पलंगावर उभी राहून ओरडली. लढाईत बाकीचे चेटकिणीवर धावून जातात, एडमंड मात्र तिची कांडी मोडतो, हे तिला फार आवडलं. "त्यालाच माहीत होतं ना ती कशाने फसवते ते," म्हणाली.

मग एक जागा आली, मी ती आधी वाचलेली नव्हती. लढाई झाल्यावर ल्युसी हळूच सुझनला विचारते, सिंहाने त्याच्यासाठी काय केलं ते एडमंडला माहीत आहे का? सुझन म्हणते, नाही, अर्थातच नाही. ल्युसी म्हणते, सांगायला नको का? सुझन म्हणते, त्याला फार वाईट वाटेल. तेवढ्यात कुणीतरी येतं आणि बोलणं तिथेच राहतं.

मी थांबले. सासूबाई म्हणाल्या, "नको सांगायला. जन्मभर ओझं वाहील लेकरू." मुलगी म्हणाली, "सांगायलाच पाहिजे आजी. नाहीतर त्याला वाटेल की आपण असेच सुटलो." दोघी साडेदहापर्यंत वाद घालत होत्या. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी मधे पडले नाही.

काल गोष्ट संपली. मग मी तिला सांगितलं, की हे लिहिणारे काका येशूला मानत, आणि त्यांनी हा सिंह त्याच्यावरून लिहिलाय. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग येशूनेही कुणा एडमंडसाठी केलं होतं का?" मी म्हटलं, ते मानतात की सगळ्यांसाठी केलं. "आणि आपण काय मानतो?" सासूबाईंनी सांगितलं, "आपण मानतो ज्याचं त्याने फेडायचं. पण फेडताना देव बरोबर असतो." हे त्यांनी कुठून आणलं, मला माहीत नाही. मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

शरणपूरकर दादा, तुमच्या त्या एमेथ शिपायाचंही मी त्यांना सांगितलं. त्यांनी वाती बाजूला ठेवल्या आणि गीतेच्या नवव्या अध्यायातला श्लोक म्हटला, दुसऱ्या देवांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात, असा. "अविधिपूर्वक म्हटलंय हं देवाने," म्हणाल्या, "पण मलाच, असंही म्हटलंय."

दीर शनिवारी जेवायला आले होते. मुलीने त्यांना समोर बसवून एडमंडला सांगायचं की नाही ते विचारलं. त्यांनी पोळी हातात धरून बराच विचार केला आणि म्हणाले, "सांगावं. पण मोठा झाल्यावर." मुलीला ते मान्य नाही.

आता तिला येशूची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची आहे, आणि ती मला अर्धवटच येते. दादा, तुमच्या आजीचं ख्रिस्तायन घरात असेल तर आठ दिवस मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन. सासूबाई म्हणतात, ओव्या असतील तर मी वाचते.